मूत्राशयाची जुनाट कळ आणि विजेचा उपचार

मंडळी, दुखणी दोन जातींची असतात. काही पारावर, चावडीवर, चारचौघांत सांगता येतात; आणि काही अशी, की घरातल्या माणसालाही ती सांगायला जीभ रेटत नाही. गुडघा धरला, कंबर लचकली, दाढ ठणकली, की माणूस भेटेल त्याला सांगत सुटतो आणि भेटेल तो एकेक औषध सुचवतो. पण ओटीपोटात कळ येते, घटकाघटकेला लघवीला उठावे लागते, हे सांगायचे कुणाला? बायकांनी तर ते सांगायचेच नाही अशी आपली रीत पडून गेली आहे. आज ज्या दुखण्याविषयी आणि त्याच्यावरच्या ज्या उपचाराविषयी मी बोलणार आहे, ते या दुसऱ्या जातीचे आहे. मी काही वैद्य नव्हे. कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारा माणूस. पण वेदना म्हणजे काय आणि ती कमी कशी होते हा प्रश्न आमच्याही विषयाचा आहे. शिवाय या उपचाराच्या मुळाशी जो विचार आहे, त्यात एका मानसशास्त्रज्ञाचाच मोठा वाटा आहे. म्हणून हे धाडस.

आधी दुखणे नीट ओळखू या. उन्हात राबून आल्यावर, पाणी कमी प्यायल्यावर लघवीला आग होते, थेंबथेंब होते, त्याला आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो. धन्याजिऱ्याचे पाणी प्यायले, सावलीत बसले, की दोन दिवसांत ती बहुधा उतरते. लघवीच्या मार्गात जंतूंचा शिरकाव झाला तरी आग होते. तेव्हा लघवीची तपासणी करून योग्य ते औषध घेतले, की उतार पडतो. मी म्हणतो ते दुखणे या दोन्हींहून वेगळे. ते महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे राहते. मूत्राशय, म्हणजे लघवीची पिशवी, भरू लागली की ओटीपोटात दाब येतो, कळ येते, जळजळ होते. लघवी झाली की थोडा वेळ हायसे वाटते. पुन्हा पिशवी भरू लागली की पुन्हा तेच. निरोगी माणूस दिवसभरात सहा-आठ वेळा जातो. इथे वीस-पंचवीस वेळा जावे लागते, रात्रीची झोप मोडते. आणि लघवी तपासावी, तर तिच्यात जंतू नसतात.

या दुखण्याला डॉक्टर लोक ‘इंटरस्टिशिअल सिस्टायटिस’ किंवा ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ म्हणतात. नावे अवघड आहेत, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसली तर ओळखता यावीत म्हणून सांगून ठेवतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे अधिक आढळते. पण पुरुष सुटलेले नाहीत. अमेरिकेतील गाय हनर या डॉक्टरांनी १९१५ साली अशा काही स्त्रियांच्या मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर लालसर चट्टे पाहिले आणि त्यांचे वर्णन केले; ते चट्टे आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. मात्र असे चट्टे थोड्याच रोग्यांत सापडतात. बाकीच्यांच्या मूत्राशयात दुर्बिणीने पाहिले तरी डोळ्यांत भरण्यासारखे काही दिसत नाही.

इथेच खरी अडचण सुरू होते. तपासणीत काही निघत नाही, म्हणून घरचे म्हणतात, ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत.’ सासू म्हणते, ‘कामाचा कंटाळा.’ कुणी डॉक्टर न तपासता पुन्हा एकदा जंतू मारण्याच्या गोळ्या लिहून देतो. ती बाई मग पाणी पिणेच कमी करते, लग्नाला जात नाही, एस.टी.चा प्रवास टाळते आणि गप्प बसते. मंडळी, मानसशास्त्राचा शिक्षक म्हणून मला पहिली गोष्ट सांगायची आहे ती ही, की तपासणीत न दिसणारी वेदना खोटी नसते. ती का दिसत नाही, याला शरीरातच कारण आहे.

आपल्या घरावरची पाण्याची टाकी घ्या. टाकी भरली की घंटा वाजावी म्हणून हल्ली आत एक तरंगता गोळा बसवतात. गोळा वर आला की तार जोडली जाते आणि खाली घंटा वाजते. आता समजा, टाकी पावभरच भरली आहे, पण तारेत बिघाड झाल्यामुळे घंटा वाजतच राहिली. तुम्ही जिना चढून टाकीत डोकावलात, तर टाकी धड, पाणी स्वच्छ. म्हणून घंटा वाजत नव्हती असे म्हणाल का? घंटा वाजतेच आहे. दोष निरोपाच्या वाटेत आहे.

मूत्राशयाचे असेच आहे. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर लघवी मावते. किती भरले याचा निरोप बारीक मज्जातंतू कंबरेखाली, पाठीच्या कण्याच्या टोकाकडे असलेल्या त्रिकास्थीच्या भोकांतून आत, मज्जारज्जूकडे नेतात आणि तिथून तो मेंदूकडे जातो. या तंतूंत दोन प्रकार आहेत. एक जरा जाड व चपळ. ‘पिशवी भरत आली’ एवढे साधे वर्तमान तो रोज कळवतो. दुसरा फार बारीक, सावकाश चालणारा. तो एरवी झोपलेल्या पहारेकऱ्यासारखा मुका असतो आणि इजा झाली, दाह झाला, तरच ओरडतो. या दुखण्यात हे मुके तंतू जागे होतात आणि थोडीशी लघवी साठली तरी ओरडू लागतात. त्यांचे ओरडणे फार दिवस ऐकून मज्जारज्जूही हळवा होतो, आणि साध्या निरोपाचीही तो कळ करून मेंदूकडे पाठवतो. अस्तराचे संरक्षक कवच विरळ होते आणि लघवीतले क्षार आत झिरपतात, असेही एक मत आहे. सुरुवात कशाने होते याविषयी तज्ज्ञांत अजून एकमत नाही. पण निरोपाची वाट बिघडते, हे बहुतेकांना मान्य आहे. आणि वाटच बिघडली असेल, तर उपचारही वाटेवरच करून पाहावा, हा विचार त्यातून पुढे आला.

वेदनेवर विजेचा उपचार तसा नवा नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या राज्यात स्क्रिबोनिअस लार्गस नावाचा वैद्य होऊन गेला. समुद्रात एक जातीचा मासा असतो, त्याच्या अंगातून विजेचा झटका बसतो. डोकेदुखीवर असा जिवंत मासा कपाळाला लावावा आणि वातरक्ताने दुखणाऱ्या पायाखाली ठेवावा, असे या वैद्याने लिहून ठेवले आहे. गुण का येतो, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते.

त्याचा पहिला चांगला उलगडा १९६५ साली झाला. कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रॉनल्ड मेल्झॅक आणि मज्जातंतूंचे अभ्यासक पॅट्रिक वॉल या दोघांनी मिळून ‘वेदनेच्या दरवाजा’चा सिद्धांत मांडला. पोर धडपडते, गुडघ्याला लागते, तेव्हा आई काय करते? आधी तो गुडघा चोळते. चोळल्याने जखम भरत नाही, पण पोराचे रडणे थांबते. का थांबते? स्पर्शाचे निरोप जाड तंतूंवरून येतात, वेदनेचे बारीक तंतूंवरून. मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. जाड तंतूंवरून निरोपांची वर्दळ वाढली, की ते फाटक वेदनेच्या निरोपांना पुरते उघडत नाही. वरून मेंदूही त्या फाटकाला हात लावू शकतो. म्हणूनच भीतीने, काळजीने वेदना वाढते आणि धीर मिळाला की कमी होते. पुढे या सिद्धांतात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण त्याचा गाभा टिकला.

मग साहजिकच विचार आला, की चोळण्याऐवजी बारीकशा विजेने ते जाड तंतू जागे केले तर? १९६७ साली वॉल आणि बोस्टनचे शस्त्रवैद्य विल्यम स्वीट यांनी हा प्रयोग आधी स्वतःवर केला आणि मग रोग्यांवर. जुनाट वेदना त्या वेळेपुरती मावळते असे त्यांना दिसले. पुढे निघालेली, कातडीवर पट्ट्या चिकटवून मंद वीज सोडणारी छोटी पेटी याच विचारातून आली. तिला ‘टेन्स’ म्हणतात. आपल्याकडे कंबरदुखीसाठी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तुमच्यापैकी कित्येकांनी ती पाहिली असेल. स्वीडनमध्ये मॅग्नस फॉल या डॉक्टरांनी हीच पद्धत मूत्राशयाच्या या दुखण्यावर, ओटीपोटाच्या खालच्या भागावर पट्ट्या लावून, वापरून पाहिली. काही रोग्यांना तिचा गुण आला.

दुसरी पद्धत अधिक मोठी आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे एमिल तनाघो आणि रिचर्ड श्मिट या डॉक्टरांनी १९८०च्या सुमारास मूत्राशयाच्या मज्जातंतूंच्या मुळाशीच वीज देण्याचे काम सुरू केले. त्रिकास्थीला दोन्ही बाजूंनी भोके असतात. वरून तिसऱ्या भोकातून बाहेर पडणारा मज्जातंतू मूत्राशयाशी आणि ओटीच्या तळाच्या स्नायूंशी बांधलेला आहे. त्या भोकातून एक बारीक तार आत सरकवतात. तार योग्य जागी बसली की नाही हे कसे कळते? वीज सोडली की ओटीच्या तळाचे स्नायू आत ओढले जातात आणि पायाचा अंगठा खाली वाकतो! शस्त्रक्रिया मूत्राशयासाठी, आणि डॉक्टरांची नजर पायाच्या अंगठ्यावर. पाय आणि मूत्राशय यांचे मज्जातंतू एकाच मुळांतून निघतात, त्याचा हा पुरावा.

या उपचारातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. पेटी एकदम बसवत नाहीत. आधी काही दिवस तार आत ठेवून बाहेरच्या छोट्या यंत्राने वीज देतात आणि रोग्याला वहीत नोंद ठेवायला सांगतात. त्रास निदान निम्म्याने कमी झाला, तरच दुसऱ्या टप्प्यात नितंबाच्या वरच्या भागात, कातडीखाली पेटी कायमची बसवतात. नाही कमी झाला, तर तार काढून घेतात. विहिरीला पाणी लागते का हे आधी पाहावे आणि मगच बांधकामाला हात घालावा, तसे हे आहे. हृदयाच्या पेसमेकरसारखीच ही पेटी; फक्त कामगिरी वेगळी. जुन्या पद्धतीची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. नव्या पेट्यांपैकी काही वरचेवर भारित करता येतात आणि जास्त टिकतात.

तिसरी पद्धत सोपी आहे आणि तिच्यात चिरफाड नाही. पायाच्या आतल्या बाजूला, घोट्यापासून तीन-चार बोटे वर, पोटरीकडून येणारा एक मज्जातंतू कातडीच्या जवळून जातो. तो वर जाऊन त्रिकास्थीच्या त्याच मुळांना मिळतो. तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर दोन खेड्यांच्या गाड्या लागाव्यात, तशी पायाची आणि मूत्राशयाची वाट मज्जारज्जूत एके ठिकाणी येते. सॅन फ्रान्सिस्कोचेच मार्शल स्टोलर यांनी या जागी केसासारखी बारीक सुई टोचून मंद वीज देण्याची पद्धत बसवली. एका वेळी अर्धा तास, आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. रोगी खुर्चीत बसून पेपर वाचू शकतो.

आता खरा प्रश्न. गुण किती येतो? इथे मला तुमच्याशी सरळ बोलले पाहिजे, कारण ‘विजेचा उपचार’ म्हटले की काहींना चमत्कार वाटतो आणि काहींना फसवणूक.

घोट्याच्या उपचाराची एक चांगली कसोटी २०१० साली प्रसिद्ध झाली. ज्यांना लघवीची घाई होते, वरचेवर जावे लागते अशा २२० रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला खरा उपचार दिला आणि दुसऱ्याला हुबेहूब तसाच दिसणारा लटका. बारा आठवड्यांनी खऱ्या गटातल्या शेकडा ५४.५ जणांनी चांगला फरक पडल्याचे सांगितले. लटक्या गटातल्या शेकडा २०.९ जणांनी. शिक्षकमंडळींनी हे दोन्ही आकडे लक्षात ठेवावेत. लटक्या उपचारानेही पाचातल्या एकाला बरे वाटले. ही त्यांची लबाडी नव्हे. आशा, लक्ष देणारे माणूस आणि नेमाने घेतलेली काळजी यांनीही वेदनेचे फाटक हलते. पण खऱ्या उपचाराचा गुण त्याहून दुपटीपेक्षा अधिक आहे, म्हणून तो खरा. अशी तुलना केल्याशिवाय ‘शंभरांना गुण आला’ असे कुणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

परंतु ही कसोटी घाईची आणि वारंवार जाण्याची होती; कळ असलेल्या मूत्राशयाची नव्हे. अमेरिकेत सरकारने शस्त्रक्रियेच्या पेटीला १९९७ साली परवानगी दिली ती लघवी आवरत नाही या तक्रारीसाठी, आणि १९९९ साली वारंवार व घाईने जावे लागणे आणि अडथळा नसताना लघवी तुंबणे यांसाठी. केवळ मूत्राशयाच्या वेदनेसाठी म्हणून ती परवानगी नव्हती. वेदनेच्या रोग्यांवर जे प्रयोग झाले ते लहान आहेत. काहींची कळ आणि खेपा दोन्ही कमी झाल्या, काहींच्या फक्त खेपा कमी झाल्या, काहींना गुणच आला नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली या दुखण्याच्या उपचारांच्या पायऱ्या आखल्या, तेव्हा मज्जातंतूंना वीज देण्याचा उपचार चौथ्या पायरीवर ठेवला. २०२२ साली पायऱ्या मोडून प्रत्येक रोग्याच्या प्रकृतीप्रमाणे उपचार निवडावा असे ठरले. तरी साध्या उपायांनी भागत असेल तर शस्त्रक्रियेकडे धावू नये, हे तत्त्व राहिले. शस्त्रक्रियेत तार सरकणे, जागा पिकणे, पेटीच्या ठिकाणी दुखणे आणि त्यापायी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, हे धोके आहेतच. शिवाय आपल्याकडे ती मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत होते आणि खर्च लाखांच्या घरात जातो.

मग खेड्यातल्या माणसाने काय करायचे? पहिली गोष्ट, दुसरा आजार नाही ना याची खात्री. मूतखडा, जंतूंचा संसर्ग, उतारवयात मूत्राशयातली गाठ यांची तपासणी आधी. आपल्या देशात आणखी एका रोगाची आठवण ठेवलीच पाहिजे: क्षय. क्षय केवळ छातीचा नसतो. तो मूत्राशयातही होतो आणि मूत्राशय आक्रसून वारंवार लघवीला जावे लागते. नेहमीच्या तपासणीत त्याचे जंतू सापडत नाहीत. त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते. लघवीतून रक्त गेले, ताप आला, वजन उतरले, तर एक दिवसही थांबू नये. क्षयाला औषध आहे; तो असताना विजेच्या पट्ट्या लावीत बसणे म्हणजे घर जळत असताना अंगण सारवणे.

दुसरी गोष्ट, साधे उपाय. चहा, कॉफी, फार तिखट, लिंबू-संत्र्यासारखी आंबट फळे, सोडावॉटर यांनी काहींची कळ वाढते. सगळे एकदम सोडू नका. एकेक सोडून पाहा, म्हणजे आपला वैरी कोणता ते कळेल. पाणी मात्र बंद करू नका. पाणी तोडले की लघवी गडद होते आणि अधिक झोंबते. ओटीच्या तळाचे स्नायू वेदनेने आवळून बसलेले असतात. ते सैल करण्याचे उपचार जाणत्या फिजिओथेरपिस्टकडून होतात. ऐकीव माहितीवर ते आवळण्याचे व्यायाम करू नयेत. त्याने कळ वाढू शकते. पोटात घ्यायची औषधे आहेत, मूत्राशयात थेट सोडायची औषधे आहेत. हनरचे चट्टे सापडले तर ते जाळून बराच आराम मिळतो. हे सारे तज्ज्ञाच्या सल्ल्याने.

तिसरी गोष्ट, टेन्सची पेटी. ती त्या मानाने स्वस्त आहे आणि तिच्यात चिरफाड नाही. पण तीही जाणत्याने दाखवून दिल्यावरच वापरावी. छातीत पेसमेकर असेल किंवा पोटात मूल असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून मुळीच नाही. आणि जत्रेत, बाजारात ‘एका पट्ट्यात सर्व रोग बरे’ म्हणून विकतात त्या पट्ट्यांपासून दूर राहा.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक काम सांगतो. या रोगात डॉक्टरला सर्वांत उपयोगी पडते ती तीन दिवसांची नोंद. वहीच्या पानावर चार रकाने आखायचे: वेळ, किती पाणी किंवा चहा घेतला, लघवी किती झाली, आणि कळ शून्य ते दहापैकी किती. लघवी मोजायला मापाच्या रेघा असलेला प्लास्टिकचा मग पुरतो. ज्या बाईला लिहिता येत नाही तिला तिच्या मुलीने लिहून द्यावे. ते पान आखून देणे तुम्हाला सहज जमेल. वेदनेचे वर्णनही नेमके लिहावे. मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेची प्रश्नावली तयार केली, तिच्यात वेदनेचे ७८ इंग्रजी शब्द गोळा केले आहेत. आपल्या मराठीत काय कमी आहेत? कळ, ठणका, चमक, जळजळ, आग, टोचणी, पिळवटा, ओढ, सल. ‘दुखते’ एवढेच म्हणण्यापेक्षा ‘पिशवी भरली की जळजळ होते आणि मोकळी झाली की कमी होते’ असे सांगितले, तर डॉक्टरचे निम्मे काम होते. असे एक पान आणि असे एक वाक्य बरोबर असले, म्हणजे ‘तुझ्या मनाचे खेळ’ म्हणून त्या बाईला कुणी सहज परत पाठवू शकणार नाही. आणि पुढे कधी घोट्याच्या सुईपर्यंत किंवा पेटीपर्यंत जायची वेळ आलीच, तर उपचाराने फरक पडला की नाही, हेही तीच वही सांगेल.